अधिक चालतं, उणे का अडतं?

गेल्या अंकात पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या तारखांवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत तारखांचे प्रश्न थोडे आणि टाइपचे, म्हणजे किंमत आकडा आहे, मजकूर आहे की तारीख याचे, प्रश्न फार निघाले. कुणाची क्वेरी ‘नॉट युनिक’ म्हणून परत आली, कुणाला ‘कुड नॉट डिटरमिन डेटा टाइप’ दिसलं, तर एकीला एररच आली नाही आणि रिपोर्ट मात्र चुकीचा गेला. दुखणं सगळ्यांचं एकच आहे: फंक्शनला किंवा ऑपरेटरला दिलेली किंमत नेमकी कोणत्या टाइपची, हे डेटाबेसने कसं ठरवायचं? म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देते. क्वेरी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. तुमच्या टर्मिनलवर नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी आकडे टाका.

प्रश्न : ताई, आमच्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन रिपोर्ट आहेत. येत्या सात दिवसांत मुदत संपणाऱ्या ठेवींसाठी नाऊ() + '७ डेज' लिहिलं, ते चालतं. गेल्या सात दिवसांतल्या ठेवींसाठी नाऊ() - '७ डेज' लिहिलं तर एरर येते. फक्त चिन्ह बदललंय. मग असं का?
(वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमचं सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही आणि डेटाबेसही नाही. अवतरणचिन्हांत लिहिलेली किंमत म्हणजे मजकूर, असं आपण धरून चालतो. पोस्टग्रेस तसं धरत नाही. अशा किमतीवर सुरुवातीला ‘अननोन’ असा शिक्का असतो. सिलेक्ट पीजी_टाइपऑफ('७ डेज') चालवून बघा. उत्तर ‘टेक्स्ट’ येत नाही, ‘अननोन’ येतं. ती किंमत पुढे कोणत्या ऑपरेटरच्या किंवा फंक्शनच्या हाती पडते, त्यावरून तिचा टाइप ठरतो.

आता ऑपरेटरचा पहिला नियम बघा. दोन बाजूंपैकी एकीचा टाइप माहीत असेल आणि दुसरी अननोन असेल, तर पोस्टग्रेस आधी धरून बघतो की दुसरीही पहिलीच्याच टाइपची आहे. तसा ऑपरेटर सापडला तर शोध तिथेच संपतो. नाऊ() ची किंमत टाइमस्टँप-टीझेड, म्हणजे टाइम झोनसकट वेळ. वेळेतून वेळ वजा करणारा ऑपरेटर पोस्टग्रेसमध्ये आहे. दोन वेळांमधलं अंतर आपण त्यानेच काढतो. तो लगेच सापडतो आणि तुमच्या '७ डेज'ला वेळ म्हणून वाचायचा प्रयत्न होतो. एरर नीट वाचलीत तर तेच लिहिलेलं दिसेल: ‘इनव्हॅलिड इनपुट सिंटॅक्स फॉर टाइप टाइमस्टँप विथ टाइम झोन’. म्हणजे ऑपरेटर निवडून झाला होता, अडलं ते त्याच्या पुढे.

बेरजेत काय होतं? वेळ अधिक वेळ ही गोष्टच नाही, तसा ऑपरेटर नाही. म्हणून शोध पुढे सरकतो आणि वेळ अधिक इंटरव्हल, म्हणजे कालावधी, हा एकच उमेदवार उरतो. '७ डेज' मुकाट इंटरव्हल होतं आणि रिपोर्ट निघतो.

हा नियम वाईट आहे असं मात्र म्हणू नका. डेट '२०२४-०८-१५' - '२०२४-०८-०१' लिहिलं की १४ मिळतात, दुसऱ्या तारखेपुढे ‘डेट’ लिहावं लागत नाही. ही सोय त्याच नियमाने दिलेली आहे. रोजच्या क्वेरीत व्हेअर नाव = 'सांगली' लिहितो तेव्हाही तोच नियम कामाला येतो, आपलं लक्ष जात नाही इतकंच.

करंट_डेट वापरत असाल तर आणखी दोन रूपं भेटतील. करंट_डेट - ७ चालतं, कारण ७ हा उघडउघड पूर्णांक आहे. करंट_डेट - '७' अडतं. वरच्याच कारणाने '७' ला तारीख समजलं जातं. आणि करंट_डेट + '७' लिहिलंत तर ‘ऑपरेटर इज नॉट युनिक’ येतं, कारण तारखेत पूर्णांकही मिळवता येतो, इंटरव्हलही आणि घड्याळातली वेळही. यातलं तुम्हाला काय हवंय हे '७' वरून कळायला मार्ग नाही.

तुमच्या रिपोर्टसाठी नाऊ() - इंटरव्हल '७ डेज' लिहा. दिवसांचा आकडा फॉर्ममधून पॅरामीटर म्हणून येत असेल (क्वेरीत त्याची जागा $१ ने दाखवतात) तर इंटरव्हल $१ लिहू नका, ती सिंटॅक्स एरर आहे: टाइपचं नाव आधी आणि किंमत नंतर ही रचना व्याकरणात फक्त प्रत्यक्ष लिहिलेल्या किमतीसाठी आहे, पॅरामीटरसाठी नाही. तिथे मेक_इंटरव्हल(डेज => $१) वापरा. मला हे रूप सगळ्यांत आवडतं, कारण पॅरामीटर पूर्णांक आहे हेही त्यातच ठरून जातं. आणि बेरजेच्या रिपोर्टमध्येही इंटरव्हल लिहून टाका. आज तो चालतोय तो दुसरा उमेदवार नाही म्हणून.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. कंपायलरच्या प्रॅक्टिकलला लेक्स-याक केलंय. पोस्टग्रेसचं व्याकरणही याकसारख्याच साधनाने लिहिलेलं आहे असं वाचलं. मग कोणत्या फंक्शनला कोणता टाइप चालतो हे व्याकरणातच का लिहून टाकत नाहीत? असे घोळच होणार नाहीत.
(वाचक, पुणे)

उत्तर : छान विचारलंत. पोस्टग्रेसचा स्रोत खुला आहे. जीरॅम-डॉट-वाय ही फाइल उघडा, बायसन या याकसारख्याच साधनाचं व्याकरण समोर दिसेल. त्यात फंक्शन कॉलचा नियम शोधा. नाव, कंस, आत किमतींची यादी, एवढंच तो टिपून ठेवतो. राउंड म्हणजे काय, ते किती प्रकारचं आहे, ते फंक्शन आहे की अ‍ॅग्रिगेट, याचा तिथे पत्ताही नसतो. फ्लोट८('४.५') हे फंक्शन नसून टाइप बदलणं आहे हेसुद्धा व्याकरणाला कळत नाही.

हे मुद्दाम केलेलं आहे, आणि त्याची दोन कारणं मला सांगावीशी वाटतात.

पहिलं म्हणजे टाइप आणि फंक्शनची माहिती सिस्टिम कॅटलॉगच्या टेबलांमध्ये असते, आणि कॅटलॉग वाचायला ट्रान्झॅक्शन चालू असावं लागतं. आता समजा तुमचं ट्रान्झॅक्शन मधेच फेल झालंय आणि तुम्ही रोलबॅक टाइप केलंत. त्या क्षणी कॅटलॉग वाचता येत नाही, पण ‘रोलबॅक’ हा शब्द तर ओळखता आला पाहिजे. नाहीतर त्या अवस्थेतून बाहेर पडायची वाटच बंद. म्हणून कॅटलॉगला हात न लावता नुसती रचना ओळखायची ही पहिली पायरी, आणि नावांचे, टाइपचे अर्थ लावायचे ही वेगळी दुसरी पायरी.

दुसरं कारण मुळापासूनचं आहे. १९८६च्या सुमारास बर्कलीला मायकेल स्टोनब्रेकर यांनी पोस्टग्रेसचं काम हाती घेतलं, तेव्हाच वापरणाऱ्याला स्वतःचे टाइप, स्वतःची फंक्शनं आणि ऑपरेटर घालता आले पाहिजेत हा हेतू होता. तेव्हा त्याची क्वेरीची भाषाही एसक्यूएल नव्हती, पोस्टक्वेल होती. एसक्यूएल नव्वदच्या दशकात, पोस्टग्रेस९५ बरोबर आलं. भाषा बदलली तरी तो हेतू राहिला. उद्या तुम्ही पोस्टजीआयएस हे नकाशांसाठीचं एक्स्टेंशन टाकलंत की भूमितीचे टाइप आणि त्यांची शेकडो फंक्शनं येतात, आणि त्यासाठी व्याकरणाची एक ओळही बदलावी लागत नाही. यादी व्याकरणात कोरली असती तर हे जमलं नसतं.

दुसऱ्या पायरीचा कोड वाचायची हौस असेल तर पार्स_फंक-डॉट-सी मध्ये फंक_सिलेक्ट_कँडिडेट हे फंक्शन शोधा. आधी कोण तंतोतंत जुळतं, मग कोण जास्त जागी जुळतं, मग कोणाचा टाइप ‘प्रिफर्ड’ आहे, मग अननोन जागांवर कोणता वर्ग बसतो, अशी एकेक चाळणी लावत जाणारा तो कोड आहे. त्यावरच्या कॉमेंट अतिशय स्वच्छ इंग्रजीत लिहिल्या आहेत. तुमच्या वयाच्या मुलांनी असा कोड आवर्जून वाचावा.

प्रश्न : पिनकोडचे शेवटचे तीन आकडे काढून त्यावर डिलिव्हरीचे गट करायचे होते. पिन हा टेक्स्ट कॉलम आहे. सबस्ट्रिंग(पिन फ्रॉम ४) टर्मिनलवर बरोबर चालतं. तेच पायथॉनमधून चालवलं तर सगळे पत्ते ‘४’ या एकाच गटात गेले, आणि बंगळुरूचे पत्ते रिकाम्या गटात. एरर काहीच नाही. डोकं चालेनासं झालंय.
(वाचक, ठाणे)

उत्तर : या महिन्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं पत्र मला हेच वाटतं. एरर आली की माणूस निदान थांबतो तरी. इथे चुकीचा रिपोर्ट पुढे गेला.

तुमच्या पायथॉनच्या कोडमध्ये ४ हा आकडा फॉर्ममधून किंवा सीएसव्हीतून स्ट्रिंग म्हणून आलेला असणार. सायकोपीजी२ ही पायथॉनला पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी स्ट्रिंगला अवतरणचिन्हं लावून क्वेरीत बसवते. म्हणजे डेटाबेसकडे पोचलं ते असं:

सबस्ट्रिंग(पिन फ्रॉम '४')

सबस्ट्रिंगची दोन रूपं इथे लागू पडतात. एकात दुसरी किंमत पूर्णांक असते, म्हणजे कितव्या अक्षरापासून. दुसऱ्यात ती टेक्स्ट असते, आणि तेव्हा तिला रेग्युलर एक्स्प्रेशन समजलं जातं: हा नमुना मजकुरात शोधा आणि सापडला तेवढा भाग द्या. तुमचा '४' अननोन आहे, दोन्हीकडे बसू शकतो. अशा वेळी नियम सांगतो की अननोन जागेवर एखादा उमेदवार स्ट्रिंग वर्गातला टाइप घेत असेल तर कौल त्याच्या बाजूने द्यायचा, कारण अवतरणातली किंमत दिसायला मजकुरासारखीच असते. कौल रेग्युलर एक्स्प्रेशनला गेला.

आता कोथरूडचा ४११०३८ घ्या. फ्रॉम ४ म्हटलं की चौथ्या आकड्यापासून पुढे, ०३८. फ्रॉम '४' म्हटलं की ‘४’ हा नमुना शोधा. तो सापडला, उत्तर ‘४’. महाराष्ट्रातला आणि गोव्यातला प्रत्येक पिन ४ नेच सुरू होतो, म्हणून तुमचे झाडून सगळे पत्ते एका गटात गेले. बंगळुरूच्या ५६०००१ मध्ये ४ नाहीच, तिथे नल, म्हणजे ‘किंमतच नाही’, आला.

उपाय पायथॉनच्या बाजूलाच करा: इंट() लावून आकडा आकडा म्हणूनच पाठवा. शिवाय क्वेरीत सबस्ट्रिंग(पिन फ्रॉम कास्ट(%एस अ‍ॅज इंटिजर)) लिहा. दोन्ही करा म्हणते, कारण उद्या हीच क्वेरी दुसरं कुणी दुसऱ्या भाषेतून चालवेल. आणि खरं तर तुम्हाला शेवटचे तीनच आकडे हवेत, तर राइट(पिन, ३) घ्या. राइटचं दोन किमतींचं रूप एकच आहे, टेक्स्ट आणि पूर्णांक. '३' स्ट्रिंग म्हणून आला तरी त्याला दुसरीकडे जायला जागा नाही.

गेलेल्या रिपोर्टचं काय करायचं ते तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते: ज्यांनी तो वापरला त्यांना आजच कळवा.

प्रश्न : जनरेट_सिरीज('२०२४-०३-०१', '२०२४-०३-३१', '१ डे') ला ‘फंक्शन इज नॉट युनिक’ येतं. पहिल्या तारखेला ::डेट लावलं की चालतं, पण उत्तरात तारखेऐवजी टाइम झोनसकट वेळ येते, आणि महिन्याच्या मधे -०५ चं -०४ होतं. मी तर डेट दिली होती!
(वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : तिन्ही किमती अननोन असताना दोन गटांतले उमेदवार समोर येतात. एकीकडे पूर्णांक आणि न्यूमरिक आकड्यांची मालिका, दुसरीकडे वेळांची. स्ट्रिंग घेणारं कुणीच नाही, म्हणून ठाण्याच्या पत्रातला नियम इथे लागू पडत नाही, आणि आकडा की वेळ यात अंदाज करायला पोस्टग्रेस तयार नाही.

::डेट लावल्यावर आकडे बाद झाले. पण नुसती तारीख घेणारं जनरेट_सिरीजच नाही. उरले टाइमस्टँप आणि टाइमस्टँप-टीझेड. डेटचं दोन्हींत आपोआप रूपांतर होतं. बरोबरी झाली की त्या वर्गातला ‘प्रिफर्ड’ टाइप जिंकतो, आणि तारीख-वेळेच्या वर्गात तो मान टाइमस्टँप-टीझेडचा आहे. आकड्यांत डबल प्रिसिजनचा आहे, मजकुरात टेक्स्टचा. पीजी_टाइप या कॅटलॉगमधले टिपकॅटेगरी आणि टिपइजप्रिफर्ड हे कॉलम बघितलेत तर सगळी यादी मिळेल.

-०५ चं -०४ झालं ते १० मार्च २०२४ ला तुमच्याकडे घड्याळं पुढे गेली म्हणून. '१ डे' लिहिल्यामुळे तुम्ही वाचलात, प्रत्येक ओळ मध्यरात्रीचीच राहिली. '२४ अवर्स' लिहिलं असतं तर ११ तारखेपासून पुढच्या सगळ्या ओळी रात्री एकच्या झाल्या असत्या. भारतात बसून हीच क्वेरी तपासणाऱ्या सहकाऱ्याला हे कधीच दिसणार नाही, त्याच्या सेशनचा टाइम झोन वेगळा. म्हणून पहिल्या दोन्ही किमतींना ::टाइमस्टँप लावा आणि बाहेर आलेल्या किमतीला ::डेट. मग क्वेरी कुठूनही चालवा, उत्तर तेच.

प्रश्न : जावामधला सर्च फॉर्म. अट अशी आहे: :शहर इज नल ऑर शहर = :शहर. शहर भरलं की चालतं. रिकामं सोडलं की ‘कुड नॉट डिटरमिन डेटा टाइप ऑफ पॅरामीटर $१’. पण दुसऱ्या :शहर वरून त्याला टाइप कळायला नको का?
(वाचक, हिंजवडी)

उत्तर : तुम्हाला तो एक पॅरामीटर दिसतो, डेटाबेसला दोन दिसतात. जेडीबीसी, म्हणजे जावाला डेटाबेसशी जोडणारी व्यवस्था, तिच्याकडे नावांचे पॅरामीटर नाहीत, फक्त प्रश्नचिन्हं आहेत. तुमचं फ्रेमवर्क एका नावाची दोन प्रश्नचिन्हं करतं, ड्रायव्हर त्यांचे $१ आणि $२ करतो. डेटाबेसकडे पोचतं ते $१ इज नल ऑर शहर = $२. $२ शहराशेजारी आहे, त्याचा टाइप कळला. $१ च्या शेजारी नुसतं इज नल, आणि इज नल कोणत्याही टाइपला चालतं. तिथून टाइपचा सुगावा लागणार कसा? हाताने $१ दोन्हीकडे लिहिला असता तर तुम्ही म्हणता तसंच झालं असतं.

शहर भरल्यावर चालतं कारण ड्रायव्हर स्ट्रिंगबरोबर ‘व्हारकार’ असा टाइप स्वतःच पाठवतो. नल पाठवताना टाइप न सांगता पाठवला जातो. तारखेचा फिल्टर असाच लिहिलात तर भरलेला असतानाही एरर येईल: जावाची टाइमस्टँप किंमत टाइम झोनसकट आहे की त्याशिवाय, हे ड्रायव्हरला ठरवता येत नाही, म्हणून तो टाइप मोकळा सोडतो.

कास्ट(:शहर अ‍ॅज टेक्स्ट) इज नल लिहा. :: हे रूप इथे टाळा, नावांच्या पॅरामीटरचा कोलन आणि हे दोन कोलन यांत फ्रेमवर्क गोंधळतं. आणि फिल्टर पाच-सहा असतील तर भरलेल्या अटीच तेवढ्या क्वेरीत घाला. ‘नल असेल तर सगळं’ या अटींची साखळी प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला, नीट इंडेक्स वापरू देत नाही.

प्रश्न : राउंड(अ‍ॅव्हरेज, २) एका टेबलावर चालतं, दुसऱ्यावर ‘डझ नॉट एक्झिस्ट’ म्हणतं.
(वाचक, नागपूर)

उत्तर : पहिल्या टेबलात तो कॉलम इंटिजर किंवा न्यूमरिक असणार, दुसऱ्यात डबल प्रिसिजन. पूर्णांकांची सरासरी न्यूमरिक येते, डबल प्रिसिजनची डबल प्रिसिजनच. दोन किमती घेणारं राउंड फक्त न्यूमरिकसाठी आहे. न्यूमरिकचं डबल प्रिसिजन आपोआप होतं, उलट होत नाही, म्हणून उमेदवारच उरत नाही. राउंड(एव्हीजी(दर)::न्यूमरिक, २). पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या टर्मिनलमध्ये \डीसी (यातला सी कॅपिटल) टाइप केलंत की कोणतं रूपांतर आपोआप होतं आणि कोणतं नाही, याचा तक्ताच मिळतो.

प्रश्न : आम्ही मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर आलो. जिथे तिथे ‘ऑपरेटर डझ नॉट एक्झिस्ट: कॅरॅक्टर व्हेरिइंग = इंटिजर’. मायएसक्यूएल हे सगळं समजून घ्यायचं. पोस्टग्रेसला समजूतदार करायची काही सेटिंग आहे का? एका सहकाऱ्याने क्रिएट कास्ट सुचवलंय.
(वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : क्रिएट कास्ट, म्हणजे एका टाइपचं दुसऱ्यात रूपांतर करायची नवी वाट स्वतः घालणं, करू नका. का ते सांगते, पण आधी मायएसक्यूएलच्या समजूतदारपणाकडे बघू.

तुमच्या टेबलात ग्राहक कोड हा व्हारकार कॉलम आहे, त्यात ‘केओपी-११२’, ‘एसएनजी-०४०’ असे कोड आहेत असं धरा. व्हेअर कोड = ० लिहा. मायएसक्यूएल दोन्ही बाजूंचे दशांश आकडे करून तुलना करतं. ‘केओपी-११२’ सुरुवातीला आकडा नसल्यामुळे शून्य ठरतो. शून्य बरोबर शून्य. तुमचे सगळे ग्राहक निवडले जातात. सिलेक्टमध्ये हे झालं तर फार तर एक वॉर्निंग नोंदली जाते. शिवाय प्रत्येक ओळीतला मजकूर आकड्यात बदलावा लागतो, त्यामुळे कोडवरचा इंडेक्सही कामाला येत नाही. तुमच्या जुन्या क्वेरींमध्ये अशी एखादी निघतेय का, ते मायएसक्यूएलचा सर्व्हर बंद करण्याआधी तपासा. पोस्टग्रेसने आज दाखवलेली प्रत्येक एरर म्हणजे तपासायच्या जागांची आयती यादी आहे.

पोस्टग्रेसही एकेकाळी ढिलं होतं. २००८ मध्ये आलेल्या ८.३ या आवृत्तीच्या आधीपर्यंत आकड्यांचं, तारखांचं टेक्स्ट आपोआप व्हायचं. त्यातून तारखांची तुलना अक्षरांप्रमाणे होण्यासारखे प्रकार घडत, म्हणून ८.३ मध्ये ही आपोआपची रूपांतरं काढून टाकली. तेव्हा पुष्कळ लोकांनी तुमच्या सहकाऱ्यासारखंच केलं, क्रिएट कास्टने ती परत घातली. एक एरर गेली आणि दुसरी आली: 'बिल क्र. ' || ४५ सारखी साधी जोडणी ‘ऑपरेटर इज नॉट युनिक’ म्हणू लागली. कारण मजकुराला इतर टाइप जोडता यावा म्हणून ८.३ मध्येच || ची खास रूपं दिलेली होती, आणि आता आकड्याचं आपोआप टेक्स्ट होऊ लागल्यावर मजकूर अधिक मजकूर हा उमेदवारही तितकाच योग्य ठरू लागला. रूपांतराच्या वाटा वाढवल्या की उमेदवार वाढतात, आणि निवड अवघड होते. तो बदल तुमच्या एका क्वेरीपुरता राहत नाही, सगळ्या डेटाबेसला लागू होतो.

म्हणून क्वेरी दुरुस्त करा. कोड मजकूर आहे तर कोड = '०' लिहा. आणि कॉलममध्ये खरोखर आकडेच असतील तर अल्टर टेबलने कॉलमचाच टाइप बदला. काम चार-सहा दिवसांचं असेल, पण एकदाच करायचं आहे.

प्रश्न : मीच लिहिलेलं व्याज(रक्कम) हे फंक्शन होतं. त्यात दर ही दुसरी किंमत डिफॉल्टसह घातली, क्रिएट ऑर रिप्लेस चालवलं. आता व्याज(५००००) म्हटलं की ‘नॉट युनिक’.
(वाचक, मडगाव)

उत्तर : किमतींची यादी बदलली की पोस्टग्रेसच्या दृष्टीने ते वेगळं फंक्शन. रिप्लेस काहीच झालं नाही, शेजारी दुसरं तयार झालं. एक किंमत दिली की जुनंही बसतं आणि डिफॉल्टमुळे नवंही. \डीएफ व्याज टाइप करा, दोन ओळी दिसतील. ड्रॉप फंक्शन व्याज(न्यूमरिक) असं किमतीच्या टाइपसकट लिहून जुनं काढा. एखादा व्ह्यू जुन्यावर अवलंबून असेल तर ड्रॉप अडेल आणि त्याचं नावही सांगेल. कॅस्केड न लावता तो व्ह्यू आधी नव्या फंक्शनवर आणा. मात्र \डीएफमध्ये न्यूमरिकऐवजी दुसरा टाइप दिसला तर ड्रॉपमध्ये तोच लिहा.